बागेतली तोफ आणि तिच्या अंगावरचे आकडे

‘ओतशाळेतून’ हे सदर एरवी भट्टी, वाळू, साचे आणि बिघडलेल्या कास्टिंगवर चालतं. मागच्या अंकात बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, तोफ कशी ओतत याबद्दल दोन परिच्छेद लिहिले आणि या महिन्याचं टपाल सगळं तोफांचंच आलं. तेव्हा पंपाची केसिंगं या खेपेला बाजूला. एक आधीच सांगतो, मी इतिहासकार नव्हे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ओतकामात हयात गेलेला माणूस आहे. त्यामुळे बागेत तोफ दिसली की मी फलक शेवटी वाचतो. फलक कुणीतरी नंतर लावलेला असतो. तोफेवरचे आकडे तिला ओतणाऱ्यानं घातलेले असतात आणि त्याला खोटं लिहून काही मिळायचं नव्हतं.

प्रश्न (टोरांटोहून एक वाचक) : काका, आई-बाबा इकडे आले होते तेव्हा त्यांना क्वीन्स पार्क दाखवायला नेलं. विधानसभेच्या इमारतीसमोर दोन मोठ्या तोफा आहेत. सेव्हास्तोपोलला रशियाकडून जिंकलेल्या आणि राणी व्हिक्टोरियानं भेट दिलेल्या. बाबा म्हणाले, “कॅनडाची आणि रशियाची लढाई कधी झाली रे?” मला काही सांगता आलं नाही. त्या तिथं आल्या कशा?

उत्तर : बाबांनी बरोबर जागी बोट ठेवलं. क्रिमियाचं युद्ध चाललं १८५३ ते १८५६ आणि कॅनडा देश म्हणून उभा राहिला १८६७ साली. त्या तोफा भेट मिळाल्या तेव्हा टोरांटो हे ब्रिटिश वसाहतीतलं एक शहर होतं. मात्र शहराचा त्या युद्धाशी काहीच संबंध नव्हता असंही नाही. अलेक्झांडर डन हा तिथलाच पोर, १८३३ साली जन्मलेला. गावाला तेव्हा यॉर्क म्हणत. २५ ऑक्टोबर १८५४ रोजी बालाक्लावाला ब्रिटिश घोडदळानं तोफांच्या तोंडावर जी वेडी धाव घेतली तिच्यात तो होता आणि व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक मिळवणारा तो पहिला कॅनेडियन ठरला.

आता तोफा. सेव्हास्तोपोल हे काळ्या समुद्रावरचं रशियाचं आरमारी ठाणं. ब्रिटिश, फ्रेंच, तुर्क आणि मागाहून इटलीतल्या सार्डिनिया राज्याची फौज, अशा सगळ्यांचा त्याला वेढा पडला. ऑक्टोबर १८५४ ला तोफा सुरू झाल्या त्या सप्टेंबर १८५५ पर्यंत. शत्रूची जहाजं बंदरात घुसू नयेत म्हणून रशियनांनी आपलीच जहाजं बंदराच्या तोंडाशी बुडवली आणि जहाजांवरच्या तोफा उतरवून तटावर चढवल्या. शेवटी शहराचा दक्षिण भाग सोडून ते मागे सरले तेव्हा साडेतीन हजारांवर तोफा दोस्तांच्या हाती आल्या. बहुतेक बिडाच्या.

इथं धंद्याचा हिशेब मांडून बघा. कांस्याची तोफ सापडली तर वितळवून पैसे होतात, तांबं आणि कथील कधी वाया जात नाही. बिडाची तोफ, तीही दुसऱ्याच्या मापाची, जिचा गोळा आपल्या कोठारात नाही, तिचं करायचं काय? लढाईला निरुपयोगी, भंगाराला स्वस्त, पण दिसायला जबरदस्त. अशी वस्तू गावोगाव वाटून टाकायला उत्तम. त्यांनी तेच केलं. इंग्लंडमध्ये ईली गावच्या कॅथीड्रलसमोरच्या हिरवळीवर एक आहे, लडलोच्या किल्ल्याच्या दाराशी एक, हार्टलपूलला समुद्रकाठी एक. आयर्लंडमधल्या गॉलवे शहरात आयर स्क्वेअरमध्ये दोन होत्या, तिथल्या कॉनॉट रेंजर्स पलटणीच्या कामगिरीबद्दल दिलेल्या. चौकाची दुरुस्ती निघाली तेव्हा त्यांची रवानगी नगरपालिकेच्या दारात झाली. जिब्राल्टरच्या अलमेडा बागेतही आहेत. ब्रिटनमधल्या कितीतरी मात्र आज नाहीत. दुसऱ्या महायुद्धात भंगार गोळा करायची मोहीम निघाली, तेव्हा आजोबांच्या युद्धाची स्मारकं नातवांच्या युद्धासाठी भट्टीत गेली.

पुढच्या खेपेला क्वीन्स पार्कात जाल तेव्हा तोफेच्या बाजूला उभे राहा. तोफ गाड्यावर ज्यांच्यावर टेकते ते दोन जाड दांडे दोन्ही अंगांना बाहेर आलेले असतात. त्यांना ट्रनियन म्हणतात. त्यांच्या सपाट तोंडांवर बोट फिरवा. रंगाचे थर चढलेले असतील, पण अक्षरं उठावाची किंवा खोदीव असल्यामुळे डोळ्यांपेक्षा बोटाला आधी कळतात. रशियन तोफेवर दोन डोक्यांचा गरुड असतो आणि ट्रनियनवर कारखान्याचं नाव, साल, अनुक्रमांक आणि वजन. वजन पूडमध्ये. एक पूड म्हणजे १६.३८ किलो.

ईलीच्या तोफेचं उदाहरण घ्या. ती १८०२ साली ओतलेली, वजन २५२ पूड, म्हणजे चार टनांच्या थोडं वर. कारखाना अलेक्झांड्रोव्स्की, उत्तर रशियातल्या पेत्रोझावोद्स्कचा. आणि कारखान्याचा मुख्य कोण? चार्ल्स गॅस्कॉइन, स्कॉटलंडच्या प्रसिद्ध कॅरन ओतशाळेचा जुना कारभारी. १७८६ मध्ये तो तिथली माणसं आणि यंत्रं घेऊन रशियात गेला आणि त्यानं झारच्या तोफांचं ओतकाम सुधारून दिलं. म्हणजे ब्रिटिश ओतकामाची विद्या रशियात गेली, तिथून तोफा होऊन काळ्या समुद्रावर आली, ब्रिटिशांवरच चालली आणि शेवटी विजयचिन्ह म्हणून इंग्लंडच्या हिरवळीवर येऊन बसली. आमच्या धंद्यातही कामगार फोडून नेतात, पण त्याचे परिणाम इतके लांबपर्यंत जात नाहीत.

जाता जाता गाड्याकडेही बघा. सेव्हास्तोपोलहून तोफांच्या नळ्या आल्या, खालचे लोखंडी गाडे पुष्कळ ठिकाणी ब्रिटनमध्येच बनवून घातले. त्यामुळे वर रशियन आणि खाली ब्रिटिश अशी जोडी तुम्हाला सापडेल. बाबांना हे दाखवा, त्यांना आवडेल.

प्रश्न (माणगाव, जि. रायगड) : आमच्या गावात यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. व्हिक्टोरिया क्रॉस हे पदक सेव्हास्तोपोलच्या तोफा वितळवून करतात असं शाळेत सांगितलं होतं. खरं का? म्हणजे तिथल्या तोफांचाच तुकडा त्यांच्या छातीवर होता का?

उत्तर : तुम्हीही सेव्हास्तोपोलचाच धागा पकडला हे बरं झालं. नाईक यशवंत घाडगे, मराठा लाइट इन्फंट्री, १० जुलै १९४४, इटलीतलं टायबर नदीचं खोरं. सगळे साथीदार पडल्यावर एकट्यानं मशिनगनची जागा घेतली आणि तिथंच गेले. पदक मरणोत्तर, त्यामुळे ते त्यांच्या छातीवर लागलं नाही. त्याच रेजिमेंटचे नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५ च्या सेनियो नदीवरच्या लढाईबद्दल ते मिळालं आणि ते हयातीत मिळालं.

धातूचं उत्तर सोपं आहे. पदक कांस्याचं आहे. बागांमधून मांडलेल्या सेव्हास्तोपोलच्या तोफा बिडाच्या आहेत. बीड कितीही तापवा, त्यातून कांस्य निघत नाही. सेव्हास्तोपोलला कांस्याच्या तोफाही थोड्या सापडल्या होत्या हे खरं, पण ज्या दोन तोफांच्या शेपटाकडचे गोळे कापून पदकांचा धातू काढला असं मानतात, त्या घडणीनं चिनी आहेत. क्ष-किरणांनी पदकांचा धातू तपासला तेव्हाही पहिल्या महायुद्धापासूनच्या बहुतेक पदकांबाबत बोट चीनकडेच गेलं. रशियाची गोष्ट ऐकायला छान आहे म्हणून टिकली.

पकडलेल्या तोफांचं पदक खरोखर बघायचं असेल तर ते दुसरंच आहे, आणि त्यातला धातू आपला आहे. ते पुढच्या पत्राच्या उत्तरात.

प्रश्न (ग्वाल्हेर) : आमचं घराणं शिंद्यांच्या चाकरीत चार पिढ्या इथं आलेलं. मराठ्यांच्या तोफा दुसऱ्यांनी जिंकून स्मारक म्हणून मांडल्या आहेत असं कुठं बघायला मिळतं का? पुस्तकात फक्त “इतक्या तोफा काबीज” एवढंच असतं, पुढं त्यांचं काय झालं ते कुणी लिहीत नाही.

उत्तर : तुमच्याच गावापासून सुरू करू. २९ डिसेंबर १८४३, एकाच दिवशी ब्रिटिशांशी दोन लढाया, महाराजपूर आणि पनियार. ग्वाल्हेरच्या फौजेच्या तोफा शेवटपर्यंत चालल्या. गोलंदाज तोफांपाशीच पडले असं शत्रूनंच लिहून ठेवलंय. लढाई हरल्यावर तोफा गेल्या. त्यांतल्या कांस्याचं ब्रिटिशांनी दोन प्रकारे सोनं केलं.

एक म्हणजे ‘ग्वाल्हेर स्टार’. त्या मोहिमेतल्या सैनिकांना दिलेली सहा टोकांची चांदणी, काबीज केलेल्या तोफांच्या कांस्यातून केलेली. मधोमध चांदीची छोटी चांदणी आणि तिच्यावर महाराजपूर किंवा पनियार, जिथं तो लढला तिथलं नाव. जुन्या पदकांचा नाद असलेल्यांच्या संग्रहात ती आजही असते. म्हणजे तुमच्या फौजेच्या तोफा इंग्लंडमधल्या कुणाच्या कपाटात मखमलीवर तुकड्यातुकड्यांनी पडल्या आहेत.

दुसरं कोलकात्यात. हुगळीच्या काठी, स्ट्रँड रोडवर, फोर्ट विल्यमच्या अंगाला एक अष्टकोनी मनोरा आहे. लोक त्याला पेपरपॉट म्हणतात, मिरीची डबी. ते ग्वाल्हेर स्मारक, १८४७ चं. दोन मजले, संगमरवरी अंग, आणि वरचा घुमट त्या दोन लढायांत मिळालेल्या तोफांच्या धातूचा. आत जी नावं आहेत ती ब्रिटिश बाजूनं पडलेल्यांची. तोफांपाशी पडलेल्या गोलंदाजांची नाहीत. त्यांच्या वाट्याला फक्त छत आलं. कोलकात्याला देवीदर्शनाला जाणारे मराठी लोक पुष्कळ, त्यांनी वेळ काढून तिकडंही पाय वळवावेत.

ही चाल काही फक्त आपल्याच बाबतीत झाली असं नाही. लंडनच्या हाइड पार्कात ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनच्या सन्मानार्थ १८२२ साली उभारलेला अकिलिसचा पुतळा आहे, तो सालामांका, व्हितोरिया, तुलूज आणि वॉटर्लू इथं मिळालेल्या फ्रेंच तोफा वितळवून ओतला. ३३ टन कांस्य. ओतशाळेच्या दृष्टीनं मोठं काम. हाच वेलिंग्टन त्याआधी आपल्या जालना जिल्ह्यातल्या असईला होता. २३ सप्टेंबर १८०३, मराठ्यांच्या ९८ तोफा त्याच्या हाती लागल्या. शिंद्यांच्या ओतशाळांचं काम किती चांगलं होतं याचं प्रशस्तिपत्र त्याच्याकडच्या लोकांनी दिलं. भारतीयांनी ओतलेल्या, युरोपीय धर्तीच्या, हलक्या आणि नेमक्या. माझ्यासारख्याला लढाई हरल्याचं दुःख असतंच, पण कास्टिंगचं कौतुक वाचून छातीही फुगते. काय करणार.

आता उलट उदाहरण. लाहोरला वस्तुसंग्रहालयासमोर मोठ्या रस्त्यात चौथऱ्यावर जमजमा तोफ आहे. १७५७ ची, शाह नजीर नावाच्या कारागिरानं ओतलेली. तांबं-पितळेचा धातू, घराघरांतून वसूल केलेली भांडी वितळवून काढलेला असं सांगतात. लांबी सव्वाचौदा फुटांवर, तोंडाचं भोक साडेनऊ इंच. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर अब्दालीनं आपल्यावर चालवली ती हीच. पुढं शिखांकडे आली. रणजितसिंगांनी १८०२ मध्ये घेतली आणि १८१८ च्या मुलतानच्या वेढ्यात तिला इजा झाली. मग ती लाहोरला नुसती दाखवायला राहिली. इब्राहिमखान गारद्याच्या तोफखान्याची आठवण आपण पोवाड्यात जपली, समोरच्या बाजूची तोफ मात्र लाहोरच्या रहदारीत जशीच्या तशी उभी आहे.

आणि आपणही काही मागं नव्हतो. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा पोर्तुगीज चर्चच्या घंटा आणल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात, भीमाशंकरला, वाईजवळ मेणवलीला त्या टांगलेल्या आहेत. मेणवलीच्या घंटेवर १७०७ हे साल आणि बाळाला घेतलेली मेरी आहे. घंटेचं ओतकाम तोफेपेक्षा अवघड. तोफ फुटली नाही म्हणजे झालं, घंटेला वाजावंही लागतं. गोवा-वसईच्या वाचकांनी याबद्दल काही लिहून पाठवलं तर छापू.

प्रश्न (सिंधुदुर्ग जिल्ह्यातून, ग्रामपंचायत सदस्य) : आमच्याकडे खाडीलगत जुन्या बुरुजाजवळ गाळ काढताना तोफ सापडली. पाच-साडेपाच फूट लांब, गंजलेली. ग्रामपंचायतीच्या बागेत चौथरा करून ठेवायची, चंदेरी रंग द्यायचा आणि चौथऱ्यावर गावातल्या शहीद जवानांची नावं कोरायची असा ठराव झाला आहे. तोंड सिमेंटनं बुजवावं की कसं? काका, लवकर कळवा, पंधरा ऑगस्टला उद्घाटन आहे.

उत्तर : उद्घाटन पुढं ढकला. रागावू नका, कारणं सांगतो.

पहिलं, तोफ तुमची नाही. जमिनीतून निघालेल्या मौल्यवान वस्तूची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते, तो कायदा १८७८ चा आहे. त्यात मौल्यवान म्हणजे दहा रुपयांहून जास्त किमतीची, तेव्हा तोफ बसतेच. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या कायद्यानं पुरावशेष ठरते. तलाठ्यामार्फत कळवा, तहसीलदारांची पोच घ्या आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागाला पत्र लिहा. रत्नागिरीला त्यांचं कार्यालय आहे. बुरुज केंद्राच्या संरक्षित यादीत असेल तर तोफ तिथून हलवायचीच नाही.

दुसरं जास्त महत्त्वाचं. ती भरलेली असू शकते. हसू नका. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात एक तोफ होती. ‘हुसार’ नावाचं ब्रिटिश जहाज १७८० मध्ये तिथल्या नदीत बुडालं, त्याच्यावरची. १८६५ पासून ती पार्काच्या मालकीची. कित्येक वर्षं उघड्यावर मांडलेली, पोरं तिच्यावर चढत होती. जानेवारी २०१३ मध्ये गंज काढायला घेतली तर आत गोळा, दारूवर दाबायचा बोळा आणि सुमारे ८०० ग्रॅम बंदुकीची दारू निघाली. दारू कामाची होती. पोलिसांचं बॉम्बपथक बोलवावं लागलं. सव्वादोनशे वर्षांपूर्वी भरलेली तोफ शहराच्या मधोमध, आणि कुणाला पत्ता नाही.

तेव्हा तुमच्या तोफेला वेल्डिंग, ग्राइंडर, ड्रिल, शेगडी यांपैकी काहीही लावायचं नाही. तोंडासमोर कुणी उभं राहायचं नाही, मागंही नाही, बाजूनं काम करा. तोफेच्या मागच्या अंगाला वर बारीक छिद्र असतं, तोफेचा कान, जिथं बत्ती देत. बाहेरून तोंडापासून कानापर्यंतचं अंतर मोजा. आता बांबूची काठी हलक्या हातानं आत सोडा, ठोकायची नाही. बाहेरचं माप पाच फूट आणि काठी साडेतीन फुटांवर अडली, तर आत काहीतरी आहे. गाळ असेल किंवा भार असेल. ते ठरवणं तुमचं काम नाही आणि माझंही नाही, पोलिसांना सांगा, त्यांच्याकडे बॉम्बशोधक पथक असतं. कानात लोखंडी मेख ठोकलेली दिसली तर तिला हात लावू नका. पळून जाताना तोफ शत्रूला वापरता येऊ नये म्हणून मेखा मारत. ती मेख हाच तुमच्या तोफेचा इतिहास आहे.

तिसरं, खाडीतलं बीड. खाऱ्या पाण्यात बीड राहिलं की त्यातलं लोखंड हळूहळू झिरपून जातं आणि मागं शिसपेन्सिलीच्या शिशासारखा मऊ काळा थर राहतो. ओली असेपर्यंत तोफ चांगली दिसते. उन्हात वाळली की तो थर पापुद्र्यांनी सुटतो, आणि अक्षरं-आकडे नेमके त्याच थरात असतात. म्हणून वाळू देऊ नका. गोणपाट गुंडाळा, ओलं ठेवा, सावलीत ठेवा आणि जाणकार येईपर्यंत घासू नका. वाळूचा फवारा मारून साफ करणाऱ्याला तर गावाच्या वेशीवरूनच परत पाठवा. आतलं मीठ काढायला क्षाराच्या पाण्यात महिनोन्महिने ठेवावं लागतं, वीज सोडून करतात ते काम. प्रयोगशाळेचं काम आहे.

एक करा. चुंबक लावून बघा. चिकटला तर लोखंड किंवा बीड, नाही चिकटला तर कांस्य, आणि मग तिला राखण ठेवा, कारण चोर सदर वाचत नसले तरी भंगाराचा भाव त्यांना पाठ असतो. ट्रनियनवर किंवा पाठीवर तीन आकडे मध्ये रेघ मारून लिहिलेले दिसले, समजा ७-२-१४, तर तोफ इंग्लिश. पहिला आकडा हंड्रेडवेट, ११२ पौंडांचा. दुसरा पाव हंड्रेडवेट, २८ पौंडांचा. तिसरा सुटे पौंड. म्हणजे ७८४ अधिक ५६ अधिक १४, ८५४ पौंड, ३८७ किलो. बदामासारख्या आकृतीत अक्षरं असतील तर ईस्ट इंडिया कंपनीची. ढालीचं राजचिन्ह किंवा कड्यांचा गोल असेल तर पोर्तुगीज असण्याचा संभव. म्हणून म्हणतो, “शिवकालीन तोफ” असा फलक आत्ताच रंगवायला टाकू नका. कोकणच्या किनाऱ्यावर इंग्रज, पोर्तुगीज, डच, सिद्दी, आंग्रे सगळ्यांच्या तोफा आल्या, विकल्या गेल्या, पळवल्या गेल्या. आंग्र्यांच्या तटावर इंग्लिश तोफ असणं यात कमीपणा काही नाही, उलट ती कशी मिळवली हाच अभिमानाचा भाग.

परवानगी मिळून तोफ बागेत आलीच, तर चौथऱ्यात गाडू नका. दोन ठोकळ्यांवर जमिनीपासून वर ठेवा, तोंड किंचित खाली झुकलेलं, म्हणजे पावसाचं पाणी आत थांबत नाही. सिमेंट बिलकुल नको. सिमेंट आणि बीड यांच्यामध्ये पाणी शिरतं आणि आतून खातं. लाकडी बूच मारायचं तर त्याला खालून भोक ठेवा. चंदेरी रंगाची तर मला ॲलर्जी आहे. महाराष्ट्रात एकेका तोफेवर पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीचे इतके थर बसलेत की खालची अक्षरं कायमची बुजली. गंजरोधक अस्तर आणि वर बिनचमकीचा काळा, बस्स.

राहिली नावं. ती कोरा, नक्की कोरा, पण वेगळ्या दगडावर. तुमच्या गावचे जवान बहुधा या तोफेच्या शंभर-दोनशे वर्षांनंतरचे. दोन्ही एकाच चौथऱ्यावर आले की पुढच्या पिढीला वाटणार, ते या तोफेपाशी पडले. साताऱ्याजवळच्या आपशिंगे मिलिटरी गावानं पहिल्या महायुद्धात ४६ माणसं गमावली. त्या युद्धानंतर आपल्याकडे गावोगाव संगमरवरी पाट्या लागल्या, या गावातून इतके गेले, इतके परतले नाहीत, एवढंच. तिथं तोफ नाही आणि तिची उणीवही भासत नाही.

प्रश्न (पुणे) : परकीयांच्या तोफा बागेत मिरवणं हा गुलामीचा अवशेष नाही का? काढून टाकाव्यात.

उत्तर : काढून कुठं ठेवणार? विजापूरची मुलुख-ए-मैदान तोफ १५४९ मध्ये आपल्या अहमदनगरला ओतली. ५५ टनांच्या घरातली. १८५४ मध्ये साताऱ्याच्या ब्रिटिश कमिशनरनं विजापुरातला जुना माल लिलावात काढला, तेव्हा तिला दीडशे रुपयांची बोली आली. सौदा रद्द झाला म्हणून ती आज बुरुजावर आहे. कुणाला त्या वेळी तीही नको असलेल्या सत्तेची खूण वाटलीच असेल. मुंबईच्या फोर्ट भागात जुन्या तोफा रस्त्याकडेला तोंड वर करून अर्ध्या पुरल्या आहेत, गाड्यांनी फुटपाथवर चढू नये म्हणून. तुम्हाला अपमान करायचाच असेल तर तो इंग्रजांनी स्वतःच करून ठेवलाय.

प्रश्न (नाशिक) : शहराशहरांत चौकात रणगाडे ठेवतात, तेही याच प्रकारातलं का?

उत्तर : दोन प्रकार आहेत. आपल्याच सेवेतून निवृत्त झालेला रणगाडा असेल तर तो आठवण म्हणून असतो. १९६५ च्या सप्टेंबरात पंजाबातल्या असल उत्तरला पाकिस्तानचे पॅटन रणगाडे मोठ्या संख्येनं मोडले-पकडले गेले, त्यांतला असेल तर तो सेव्हास्तोपोलच्या तोफेचा सख्खा भाऊ. दोन्ही शेजारीशेजारी बघायचे तर अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय आहेच, १९९४ पासून. चौकातल्या रणगाड्यावर फलक नसेल तर नगरसेवकाला विचारा. त्यालाही माहीत नसेल, पण विचारा.

प्रश्न (सांगलीहून, इयत्ता सहावीतला वाचक) : आजोबा, बागेतल्या तोफेवर बसलं तर चालतं का? रखवालदार ओरडतात.

उत्तर : बाळा, बिडाची असेल आणि आत काही नाही याची मोठ्यांनी खात्री केलेली असेल तर बसून तोफेचं काही बिघडत नाही, चार टनाला तुझं वजन काय लागणार. कांस्याची असेल तर नको. तिच्यावरची नक्षी आणि फार्सी-मोडी अक्षरं बुटांनी झिजतात. आणि मे महिन्यात दुपारी तर कुठल्याच तोफेवर बसू नकोस. बीड उन्हात किती तापतं ते मला माहीत आहे. रखवालदार ओरडतात ते बहुतेक त्यासाठीच.